रॅक फिरत नाही, मग स्टिअरिंग कशानं थरथरतं?

ताई, रॅक (स्टिअरिंगचं वळण चाकांपर्यंत नेणारी दांडी) बदलू नका. निदान आत्ताच नाही.

तुम्ही कळवलंय ते थोडक्यात असं. २०१८ची पेट्रोल हॅचबॅक, ६२ हजार किलोमीटर झालेली, अलॉय व्हील, टायरचं माप १८५/६५ आर १५. दर पंधरवड्याला नाशिकहून ठाण्याला माहेरी जाणं-येणं. गेल्या ऑगस्टपासून ताशी ८५ ते १०५च्या दरम्यान स्टिअरिंग थरथरतं, ११५ला जवळजवळ थांबतं, ७०च्या खाली काहीच नाही. ब्रेक दाबल्यावर वाढत नाही. सीट शांत असते. दोनदा ‘अलाइनमेंट-बॅलन्सिंग’ झालं. मग पुढचे दोन्ही टायर नवे घातले, थोडा फरक पडला, पण गेलं नाही. आता गॅरेजनं सांगितलंय की रॅक ढिली आहे, २८ हजार लागतील.

मी २६ वर्षं नाशिकला अंबडच्या बाजूला चाकांचंच काम करतोय. रॅक ढिली असेलही, ६२ हजार किलोमीटरला आणि आपल्या रस्त्यांवर ते अशक्य नाही. पण रॅक फिरत नाही. रॅक डावी-उजवीकडे सरकते, तेही तुम्ही स्टिअरिंग वळवाल तेव्हा. एका ठरावीक वेगाला सुरू होऊन पुढच्या वेगाला थांबणारी थरथर कुठल्या तरी फिरणाऱ्या वस्तूतूनच निघते: टायर, रिम, हब (ज्यावर चाक आवळतात तो भाग), ब्रेकची डिस्क प्लेट, चाकाला जोर देणारा एक्सल, नाहीतर इंजिन. ढिली रॅक, झिजलेला टाय रॉड एंड (रॅक आणि चाक यांना जोडणारा सांधा), फाटलेलं लोअर आर्मचं बुश (चाक धरणाऱ्या खालच्या दांडीचं रबर) ही मंडळी ती थरथर तुमच्या हातापर्यंत पोचवतात, जरा मोठी करूनही पोचवतात, पण जन्माला घालत नाहीत. नवी रॅक टाकली तर थरथर थोडी दबेल, चार-सहा महिन्यांनी परत येईल आणि खरा दोषी तसाच फिरत राहील.

आता ८५ ते १०५च का, हे समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं जातं. तुमच्या टायरचा व्यास साधारण ६२ सेंटीमीटर, म्हणजे घेर १.९५ मीटरच्या आसपास. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर. भागाकार करा: चाक सेकंदाला १४ वेळा फिरतं. ६०च्या वेगाला तेच साडेआठ वेळा. चाक, हब, ब्रेक असं जे सगळं स्प्रिंगला आणि बुशांना लटकलेलं असतं, त्याचीही स्वतःची एक हलण्याची गती असते आणि बहुतेक कारमध्ये ती सेकंदाला १० ते १५च्या घरात येते. दोन्ही गती जुळल्या की छोटा दोषही मोठा होऊन हाताला लागतो. जुन्या एसटीची खिडकीची काच आठवा. स्टँडवर गाडी उभी असताना इंजिनच्या एका ठरावीक रेसला ती जीव खाऊन खडखडते आणि ड्रायव्हरनं रेस जरा वाढवली की गप्प होते. काच तीच, इंजिन तेच. तुमचं स्टिअरिंग ११५ला शांत होतं ते याच कारणानं. दोष तिथंही आहेच, फक्त जुळणी सुटलेली असते. ‘जोरात चालवली की जाते ना, मग ठीक आहे’ असं सांगणारे भेटतात, त्यांचं ऐकू नका. ११५ला बेअरिंगवर बसणारा मार १००पेक्षा जास्तच असतो.

किती जास्त, तेही सांगतो. रिमच्या कडेला, म्हणजे मध्यापासून साधारण १९ सेंटीमीटरवर, २० ग्रॅमचा फरक आहे असं धरा. १००च्या वेगाला तो २० ग्रॅम चाकाला जवळजवळ ३ किलोच्या जोरानं बाहेर ओढतो, सेकंदाला १४ वेळा, प्रत्येक वेळी वेगळ्या दिशेला. ५०ला हाच जोर पाऊण किलोवर येतो, कारण वेग निम्मा झाला की जोर चौथाई होतो. शहरात, द्वारका ते सातपूर अशा धावपळीत, तुम्हाला काही जाणवत नाही ते यामुळेच. विल्होळी ओलांडून गोंद्याकडे निघालात की गाडी बोलायला लागते.

तुमच्या वर्णनातच निम्मं निदान झालेलं आहे. हात थरथरतात आणि सीट शांत, म्हणजे दोष पुढच्या चाकांकडे. मागचं चाक असतं तर आधी बसल्या जागी, पाठीला, फ्लोअरला कळलं असतं. हा नियम शंभर टक्के नाही, पण पहिल्या अंदाजाला पुरतो. ब्रेक लावल्यावर फरक नाही, म्हणजे डिस्क प्लेट बाजूला ठेवा. एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही: ९५ला असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला तर काय होतं? थरथर तशीच राहिली तर चाक. पाय काढताच गेली आणि दाबताच आली तर एक्सलच्या आतल्या बाजूचा जॉइंट किंवा इंजिनचं फाउंडेशन (इंजिन ज्यावर बसतं ती रबरी बैठक) बघावं लागेल. हे पुढच्या फेरीला, मागेपुढे गाडी नसताना, दोनदा करून बघा. आणि ९५ला असतानाच सपाट रस्त्यावर क्लच दाबून इंजिन आयडलवर जाऊ द्या, दोन-तीन सेकंद. थरथर तशीच राहिली तर इंजिन निर्दोष सुटलं. हे घाटात करायचं नाही.

रस्त्याचाही हिशेब घ्या. इगतपुरी ते आमणे हा समृद्धीचा शेवटचा टप्पा जून २०२५मध्ये खुला झाल्यापासून माझ्याकडे ‘समृद्धीवर गाडी थरथरते’ म्हणून येणारे वाढलेत. त्यातल्या काहींच्या गाडीत काहीच नसतं. काँक्रीटच्या रस्त्याला ठरावीक अंतरावर आडवे सांधे असतात. साडेचार मीटरवर सांधा धरला तर १००च्या वेगाला सेकंदाला सहा ठोके बसतात, आणि आपल्या कानाला डांबराची सवय. ओळखायची युक्ती अशी की रस्त्याची थरथर लेन बदलली, रस्ता बदलला की बदलते. चाकाची थरथर तुमच्याबरोबर प्रवास करते. तुम्ही जुन्या मुंबई-आग्रा महामार्गानंही जाता आणि तिथंही तेच होतं असं म्हणता, म्हणजे रस्ता निर्दोष. (म्हणजे या बाबतीत निर्दोष. ऑगस्टमधल्या खड्ड्यांबद्दल पुढे बोलतोच.)

‘अलाइनमेंट-बॅलन्सिंग’ हा शब्द आपल्याकडे ‘चहा-बिस्कीट’सारखा एका दमात म्हटला जातो, आणि तिथंच गिऱ्हाईक फसतं. ती दोन वेगळी कामं आहेत. अलाइनमेंट म्हणजे चारही चाकं कुठल्या कोनात उभी आहेत ते जुळवणं. ते चुकलं तर गाडी एका बाजूला ओढते, स्टिअरिंग वाकडं राहतं, टायरची एक कड खाल्ली जाते. त्यानं सरळ थरथर येत नाही. महिनोन् महिने तसंच चालवलं आणि टायर करवतीसारखा झिजला तर त्या झिजेमुळे आवाज आणि थरथर येते, पण तो लांबचा फेरा. बॅलन्सिंग म्हणजे चाक मशीनवर फिरवून, हलक्या बाजूला छोटी वजनं लावून त्याचा तोल साधणं. तुमची थरथर बॅलन्सिंगच्या खात्यातली आहे. तेव्हा कोणी तिसऱ्यांदा अलाइनमेंट करू म्हटलं तर नको म्हणा.

आणि आता खरा मुद्दा. तुम्ही टायर बदललेत. रिम त्याच आहेत.

ऑगस्टपासून सुरू झालं म्हणता. घोटी-इगतपुरीकडचा पाऊस आणि त्या दिवसांतला रस्ता मला माहीत आहे. पाण्यानं भरलेला खड्डा दिसत नाही, समजतो तो फक्त दणका बसल्यावर. ८०च्या वेगाला बसलेला असा एक दणका अलॉयची आतली कड आत दाबायला पुरतो. आतलीच, कारण बाहेरच्या कडेला आऱ्यांचा आधार असतो, आतली कड मोकळी असते. म्हणून गाडीभोवती फेरी मारून बघणाऱ्याला रिम चकचकीत आणि गोल दिसते. वाकलेल्या रिमवर नवा टायर बसवला तर नवा टायरही वाकडाच फिरणार. मशीनवर वजनं लावून तो ‘शून्य’ दाखवता येतो, कारण मशीन वजन मोजतं, गोलाई नाही. अंडाकृती वस्तूलाही तोलून शून्यावर आणता येतं. ती रस्त्यावर टेकली की मात्र दर फेऱ्याला गाडी वर-खाली होणारच.

त्यामुळे पैसे खर्च करायच्या आधी फुकटातली एक चाचणी करा. पुढची दोन्ही चाकं मागे आणि मागची दोन्ही पुढे टाका. डावं डावीकडेच, उजवं उजवीकडेच. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर हे विशेष पाळायचं. आता तोच रस्ता, तोच वेग. थरथर हातातून निघून सीटखाली गेली, किंवा गायबच झाली, तर दोष त्या दोन चाकांपैकी एकात आहे आणि रॅकचे २८ हजार वाचले. हाताला तशीच राहिली तर दोष गाडीच्या अंगात, म्हणजे हब, एक्सल असा कुठेतरी. एवढी एक अदलाबदल निम्म्या शक्यता मोडीत काढते, आणि गंमत म्हणजे ही चाचणी सुचवणारं गॅरेज मला फार कमी दिसतं. अर्ध्या तासाच्या कामाचे कोणी फार पैसे देत नाही, हे एक कारण असावं.

दोनपैकी कुठलं चाक, हे शोधायला फक्त एकाच बाजूची अदलाबदल करून पुन्हा फेरी मारता येते. स्टेपनी लावून बघू म्हणाल तर आधी तिच्यावर काय छापलंय ते वाचा. अलॉयवाल्या बऱ्याच हॅचबॅकमध्ये स्टेपनी लोखंडी, लहान मापाची आणि ८०च्या मर्यादेची असते. तिच्यावर ९५ची चाचणी करायची नाही.

चाकं काढलीच आहेत तर आत हात घाला. खरंच हात घाला, नुसता टॉर्च मारून भागत नाही. दिंडोरीकडचे एक द्राक्षबागायतदार माझ्याकडे आले होते. जूनमधला पहिला मोठा पाऊस झालेला, बागेच्या वाटेनं गाडी नेलेली, आणि दुसऱ्या दिवसापासून ७०च्या वर स्टिअरिंग नाचायला लागलं. त्यांनी एका ठिकाणी बॅलन्सिंग करून घेतलं, दोन दिवस छान चाललं आणि मग पहिल्यापेक्षा वाईट. झालं होतं असं, की रिमच्या आत काळ्या मातीचा गोळा सुकून बसला होता. मशीनवरच्या पोरानं चाक न धुता तसंच फिरवलं आणि मातीच्या समोरच्या बाजूला वजनं लावून शून्य केलं. दोन दिवसांनी निम्मी माती गळून पडली, वजनं तिथंच राहिली. मी उरलेली माती खरवडून काट्यावर टाकली, ४५ ग्रॅम भरली. काळी माती सुकली की सिमेंटसारखी धरते, पाण्याचा फवारा मारूनही निघत नाही, लाकडी पट्टीनं काढावी लागते. तुम्ही शेतात जात नसाल, पण गॅरेजच्या बाहेरचा चिखल कोणाला चुकलाय?

आत बघताना अजून एक खूण शोधा. चिकटवायच्या वजनांच्या पट्ट्या असतात ना, पाच-पाच ग्रॅमच्या तुकड्यांच्या, त्यातली एखादी पडली असेल तर रिमवर तिच्या मापाचा स्वच्छ, चौकोनी डाग दिसतो. आजूबाजूला ब्रेकची काळी धूळ आणि मध्ये एक गोरा चौकोन. तो दिसला की बाकी तपास थांबवून आधी बॅलन्सिंग करा. ओल्या किंवा धुळकट रिमवर चिकटवलेली पट्टी पहिल्या पावसात पडते. थिनरनं पुसून, कोरडं करून लावायला दोन मिनिटं लागतात.

रिम वाकलीय का हे बघायला डायल गेज (बारीक फरक काट्यावर दाखवणारं मापयंत्र) उत्तम. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत आयुष्य काढलेलं माणूस आपल्या गावात घरटी एक तरी सापडतं, त्यामुळे डायल गेज मागायला लाजू नका. तो नसेल तर गाडी जॅकवर घेऊन खाली नीट घोडी (जॅक स्टँड) लावा, नुसत्या जॅकवर कधीही हात आत घालू नका. रिमच्या आतल्या कडेजवळ एक स्क्रू ड्रायव्हर कशाला तरी घट्ट बांधून, टोक आणि कड यांत कागदाएवढी फट ठेवा आणि चाक हातानं सावकाश फिरवा. फट कुठं मोठी, कुठं बंद होते ते डोळ्यांना दिसतं. एकदा वर-खालीसाठी, एकदा डावी-उजवीसाठी. कंपनीचे आकडे गाडीगणिक वेगळे असतात. मी स्वतः अलॉयला पाऊण मिलिमीटरच्या वर फरक दिसला की संशय घेतो आणि एक मिलिमीटर ओलांडला की गिऱ्हाइकाला बोलावून दाखवतो. तसंच टायरवरही करा, मधल्या नक्षीवर टोक धरून. टायर आणि रिम मिळून दीड मिलिमीटरच्या पुढे गेले तर हायवेला कळणारच.

नव्या टायरचं एक दुखणं वेगळं असतं, ते म्हणजे तो रिमवर नीट बसलेलाच नसणं. टायरच्या बाजूला, रिमच्या अगदी जवळ, गोल फिरणारी एक बारीक उंचवट्याची रेषा असते. ती रिमच्या कडेपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एखाद्या ठिकाणी ती आत दबलेली दिसली तर टायर तिथं कडेला चढलेलाच नाही. हवा काढून, साबणाचं पाणी लावून पुन्हा भरायची. दोन मिनिटांचं निरीक्षण आहे, उभ्याउभ्या होतं.

रिम वाकलेली निघाली तर? लोखंडी असती तर बिनधास्त सरळ करून घ्या म्हटलं असतं. अलॉयचं तसं नाही. थोडा बाक असेल आणि काम करणाऱ्याकडे दाबून सरळ करायचं यंत्र असेल, तर करता येतं. गॅसच्या ज्योतीवर लाल करून हातोडा मारणाऱ्याकडे देऊ नका, त्यानं धातूची ताकद जाते. आणि सरळ करण्याआधी व केल्यावर, दोन्ही वेळा, बाकाच्या जागी केसाएवढी चीर आहे का ते बघा. चीर असेल तर ती रिम भंगारात. वेल्डिंग करून देतो म्हणणारे भेटतील. समोरच्या चाकाला वेल्ड केलेली रिम लावून कसारा उतरायचा विचार मी तरी करणार नाही.

आता बॅलन्सिंगच्या मशीनबद्दल, कारण दोनदा केलंय म्हणून तुम्ही ते खातं बंद केलंय. मी ते उघडंच ठेवीन. मशीन खोटं बोलत नाही, पण त्यावर चाक कसं बसवलं त्यावर सगळं आहे. चाक शाफ्टवर बसवताना मध्ये एक कोन घालतात. तो रिमच्या मधल्या भोकात बरोबर बसला तर चाक मध्यावर येतं. अलॉयला कोन आतल्या, हबकडच्या बाजूनं लावावा, कारण तीच बाजू गाडीवर हबला टेकते. घाईत तो बाहेरून लावला जातो, भोकात गंज किंवा माती असते, आणि चाक केसभर एका बाजूला बसतं. मग मशीन त्या चुकलेल्या मध्याभोवतीचा तोल काढून देतं. काम नीट झालंय का हे तपासायला एक गोष्ट सांगा. चाक शून्य दाखवल्यावर नट सैल करायला लावा, चाक शाफ्टवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा आवळायला लावा आणि पुन्हा चालवा. पुन्हा शून्य किंवा पाच ग्रॅम आलं तर काम खरं. १५-२० ग्रॅम आलं तर मघाचं शून्य निव्वळ योगायोग. पोरगा कपाळाला आठ्या घालेल. घालू द्या. मी स्वतःच्या दुकानात नव्या पोराला पहिला आठवडा हेच करायला लावतो.

आणि एखादं चाक ८०-१०० ग्रॅम वजन मागत असेल तर वजनं चिकटवत सुटू नका. टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून बसवला तर पुष्कळदा मागणी निम्म्यावर येते, कारण टायरची जड बाजू आणि रिमची जड बाजू एकत्र आलेली असते, ती समोरासमोर जाते. तरीही मागणी कमी होत नसेल तर टायर किंवा रिम यांतलं एक सदोष आहे.

चाक परत बसवतानाही चुका होतात. हबच्या ज्या तोंडावर रिम टेकते तिथं गंजाचा पापुद्रा, मातीचा खडा राहिला तर चाक किंचित तिरपं बसतं, आणि हबजवळचा छोटा तिरपेपणा रिमच्या कडेला अडीच-तीन पट होतो. वायर ब्रश मारायचा. नट आधी हातानं, मग समोरासमोरच्या क्रमानं, चाक नीट टेकल्यावर पान्यानं. गनवर ‘घर्रर्र’ करून एकापाठोपाठ एक आवळलेलं चाक मला पटत नाही. किती आवळायचं ते गाडीच्या पुस्तिकेत असतं. छोट्या गाड्यांना साधारण ४० सेंटीमीटर लांब पान्यावर २५ किलोचा जोर, एवढं धरायला हरकत नाही.

तुमचे अलॉय कंपनीचे की बाहेरून घातलेले, हे लिहिलं नाहीत. बाहेरचे असतील तर मधलं भोक बघा. बाजारातल्या अलॉयचं भोक बहुधा मोठं असतं, ७३.१ मिलिमीटर हे नेहमीचं माप, म्हणजे ते अनेक गाड्यांना बसतं. हॅचबॅकच्या हबची टोपी पुष्कळदा ५४.१ची असते. मधली पोकळी भरायला एक प्लॅस्टिकची किंवा ॲल्युमिनियमची रिंग येते. दुकानदार ती द्यायला विसरतो, किंवा टायर बदलताना ती जमिनीवर पडते आणि झाडूबरोबर जाते. मग चाक फक्त नटांच्या भरवशावर मध्यावर येतं, कधी येतं, कधी नाही. मशीनवर शून्य आणि गाडीवर थरथर, याचं हे एक अगदी आवडतं कारण. रिंग काही शे रुपयांना मिळते.

फोनचाही उपयोग होतो. कंपनं मोजणारी फुकट ॲप मिळतात. फोन फ्लोअरवर सपाट ठेवा, शेजारी बसणाऱ्याला बघायला सांगा, चालवणाऱ्यानं अजिबात बघायचं नाही. १००ला सेकंदाला १४च्या आसपास टोक दिसलं तर चाक एकदा फिरताना एकदा मारतंय, म्हणजे तोल किंवा बाक. २८ला दिसलं तर एका फेऱ्यात दोनदा, म्हणजे चाक अंड्यासारखं. ५० किंवा त्याच्या वर दिसलं तर चाकापेक्षा वेगानं फिरणारं काहीतरी आहे, मग इंजिनकडे बघा.

मागच्या चाकांना जोर देणारी गाडी असती, बोलेरो, स्कॉर्पिओ, पिकअप, तर मी तुम्हाला मागच्या चाकांकडे जोर नेणारा लांबलचक शाफ्ट, त्याचे क्रॉस (टोकांचे फिरते सांधे) आणि मधलं बेअरिंग बघायला लावलं असतं. तो शाफ्ट चाकाच्या साधारण चौपट वेगानं फिरतो, त्यामुळे त्याची थरथर हाताला झुलल्यासारखी नाही, तळव्यांना गुणगुणल्यासारखी लागते. माझी एक चूक यात कायमची लक्षात राहिलीय. एका पिकअपची क्लच प्लेट बदलताना मी खूण न करता शाफ्ट सोडवला आणि परत जोडताना सरकणारा जोड दोन दातांनी चुकला. दोन्ही क्रॉस एका रेषेत राहिले नाहीत. मालक ओझरपर्यंत जाऊन परत आला, गाडी खाली गुरगुरते म्हणाला. मी चाकं तपासली, बॅलन्सिंग केलं, टायर बदलायला लावणार होतो. तिसऱ्या दिवशी खाली आडवा पडलो तेव्हा माझाच पराक्रम दिसला. तेव्हापासून खडू खिशात असतो. आणि अजून एक झालं: थरथर कधीपासून, हे विचारताना त्याआधीच्या आठवड्यात गाडीला कोणकोणाचे हात लागले, हेही विचारतो.

अदलाबदल करूनही हाताला थरथर तशीच राहिली, तर तेवढ्यापुरतं गाडीच्या अंगात शिरू. चाक वर उचलून १२ आणि ६च्या जागी धरून हलवा. खेळ असेल तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. ३ आणि ९ला धरून हलवा. तिथला खेळ टाय रॉड एंडचा, आणि त्यानंतर रॅकचा. तुमच्या रॅकची चौकशी इथं, या क्रमानं होईल, आणि खेळ कुठल्या जोडात आहे ते दुसऱ्यानं हात लावून दाखवायला सांगा. टाय रॉड एंडची किंमत रॅकच्या मानानं किरकोळ असते आणि खेळ बहुतेक वेळा तिथंच असतो. बेअरिंग गेलं असेल तर थरथरीआधी आवाज येतो, भुंग्यासारखा, आणि लांब वळणावर तो कमी-जास्त होतो. तुम्ही आवाजाचं काही म्हटलेलं नाही.

हे सगळं होईपर्यंत एक काळजी. पुढच्या प्रवासाआधी चारही टायरच्या दोन्ही बाजूंवरून, आतल्या बाजूवरूनही, तळहात फिरवा. नव्यांच्याही. कुठं फुगा लागला तर तो टायर हायवेवर न्यायचा नाही, शहरातल्या शहरात बदलायचा. मागच्या जुन्या टायरांवर चार आकड्यांचा शिक्का शोधा. २३१८ असेल तर २०१८च्या २३व्या आठवड्यातला. गाडीबरोबर आलेले टायर असतील तर ते आता थरथरीपलीकडच्या कारणासाठीही बदलायला झालेत. थरथर अचानक वाढली, तेही चाकं काढून बसवल्यावर, तर गाडी लगेच बाजूला घेऊन नट बघा. अदलाबदल केल्यावर ५०-६० किलोमीटरनं नट पुन्हा एकदा तपासून घ्या, हे मी गिऱ्हाइकाला बिलावर लिहून देतो.

शनिवारी सकाळी लवकर, रहदारी वाढायच्या आत, विल्होळी ते गोंदे एक फेरी अदलाबदलीआधी आणि एक नंतर मारा. दोन्ही वेळा टायरमध्ये हवा सारखी, गार टायरला भरलेली, गाडीत माणसं तेवढीच. थरथर सीटखाली गेली की हातातच राहिली, एवढं कळवा, म्हणजे पुढचं सांगतो.